संगीतशिक्षकांचा जीवनगौरव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गुरुजींचा, बाईंचा किंवा बुवांचा गौरव करायचे ठरले की समितीच्या पहिल्याच बैठकीत काही ठरावीक प्रश्न उभे राहतात. अशा समित्यांच्या कामात हातभार लावताना पुनःपुन्हा समोर आलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यात हिंदुस्थानी संगीत शिकवणारे गुरू डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कलाकाराचा गौरव आणि संगीतशिक्षकाचा गौरव यांत फरक तो काय?

कलाकाराचे काम लोकांनी ऐकलेले असते. शिक्षकाचे काम दुसऱ्यांच्या गळ्यात आणि हातात गेलेले असते, म्हणून ते मुद्दाम शोधून, जुळवून दाखवावे लागते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर स्वतः थोर गायक होते. पण ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि पुढे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर असे शिष्य घडवले, हे त्यांचे काम त्यांच्या मैफलींपेक्षा कितीतरी लांबवर पोचले. ऑगस्ट १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज खेड्यातली मुलगी मंडळाच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेला बसते, तेव्हा ती त्याच कामाच्या एका टोकाशी बसलेली असते. पं. विष्णु नारायण भातखंडे हे तर पेशाने वकील आणि मैफलींपासून दूर राहिलेले; तरीही त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांवाचून संगीताचा अभ्यासक्रम आजही पुरा होत नाही. शिक्षकाचा गौरव करताना म्हणून ‘त्यांनी काय गायले’ यापेक्षा ‘त्यांच्यामुळे कोण, काय आणि कोठे गाऊ लागले’ हे आधी सांगावे लागते.

२. आमच्या बाईंनी आयुष्यात एकही जाहीर मैफल केली नाही. तरीही त्यांचा जीवनगौरव करणे योग्य ठरेल का?

निःसंशय योग्य ठरेल. सुरबहारवादक अन्नपूर्णादेवींनी जाहीर कार्यक्रम सोडून दिल्यावर मुंबईतल्या आपल्या घरात बसून अनेक दशके शिकवले. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांच्यासारखे वादक त्यांच्या तालमीतून गेले. त्यांना १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००४ मध्ये अकादमीची रत्न सदस्यता, म्हणजे तिचा सर्वोच्च सन्मान, मिळाली. दिवाणखान्यात चार मुलींना संध्याकाळी शिकवणाऱ्या बाईंची तुलना त्यांच्याशी करण्याचे कारण नाही. पण मैफल हा अध्यापनाचा पुरावा नव्हे, हे देशाच्या सर्वोच्च संस्थांनीही मान्य केलेले आहे. मानपत्रात मात्र ‘प्रसिद्धीपासून दूर राहिल्या’ हे वाक्य घालून थांबू नये. त्या काळात त्यांनी काय केले, ते लिहावे.

३. किती वर्षे शिकवलेले असावे? वयाची काही अट ठेवावी का?

संस्थेच्या नियमित पुरस्कारासाठी पंचवीस वर्षे अखंड अध्यापन ही वाजवी अट वाटते. शिष्यांनी मिळून करायच्या गौरवाला अशी अट लावण्याची गरज नाही. पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव किंवा एक्याऐंशीच्या सुमारास येणारे सहस्रचंद्रदर्शन गाठण्याकडे कल असतो आणि तो समजण्याजोगा आहे. परंतु गुरुजी त्र्याहत्तर वर्षांचे असतील, प्रकृती नरम असेल आणि अजून ते रोज तासभर शिकवत असतील, तर दोन वर्षे थांबण्यात काहीच शहाणपण नाही. ज्याचा गौरव करायचा त्याला तो ऐकू यायला हवा आणि उत्तरादाखल चार शब्द बोलताही यायला हवे.

४. केवळ संगीतशिक्षणासाठी असा सरकारी सन्मान आहे का?

पद्म सन्मानांत संगीतशिक्षण हा वेगळा विभाग नाही. संगीतशिक्षकांचा विचार ‘कला’ या क्षेत्रातच होतो. संगीत नाटक अकादमीचे पुरस्कार गायन, वादन अशा विभागांनुसार दिले जातात, मात्र प्रयोगकलांतील एकूण योगदान आणि विद्वत्ता यांसाठीही तेथे जागा आहे आणि शिक्षकाचे नाव सुचवताना हा विभाग जरूर ध्यानात ठेवावा. अकादमीचे रत्न सदस्य एका वेळी चाळीसपेक्षा जास्त नसतात, यावरून त्या सन्मानाची दुर्मीळता लक्षात येईल. अकादमीने २०२३ मध्ये ७५ वर्षांवरील आणि तोवर कोणताही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना ‘अमृत पुरस्कार’ दिले. तो उपक्रम एकदाच झाला, त्यामुळे त्याची वाट पाहू नये. महाराष्ट्र शासनाचा शास्त्रीय संगीतासाठीचा जीवनगौरव पुरस्कार पं. भीमसेन जोशी यांच्या नावाने दिला जातो.

या सगळ्यांत मोठ्या गायक-वादकांची नावे आधी डोळ्यांसमोर येतात. जिल्ह्याच्या गावी चाळीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकापर्यंत ही नजर क्वचितच पोचते. म्हणूनच शिष्यांनी स्वतः पुढाकार घेऊन केलेला गौरव मला दुय्यम वाटत नाही. अनेकांच्या बाबतीत तोच एकमेव असतो.

५. पद्म पुरस्कारासाठी आम्ही शिष्यांनीच शिफारस केली तर चालते का?

चालते. कोणाही नागरिकाला शासनाच्या पुरस्कारविषयक संकेतस्थळावर शिफारस भरता येते आणि स्वतःचे नावही सुचवता येते. सोबत जास्तीत जास्त ८०० शब्दांचे निवेदन द्यावे लागते. बहुतेक शिष्य हे शब्द ‘सुरांचे उपासक’, ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’ अशा विशेषणांत घालवतात. त्याऐवजी किती वर्षे, कोठे, कोणाला, कोणत्या पद्धतीने शिकवले, शुल्क न घेता किती जणांना शिकवले आणि त्यांतले किती जण आज स्वतः शिकवतात, हे लिहावे. त्यासाठी प्रश्न ६ मध्ये सांगितलेली यादी उपयोगी पडते. पद्म सन्मानाबरोबर रोख रक्कम नसते. तो किताबही नव्हे, त्यामुळे पत्रशीर्षावर किंवा कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेत नावाच्या आधी ‘पद्मश्री’ छापणे नियमात बसत नाही.

६. गौरवाच्या तयारीत सर्वांत आधी काय करावे?

सभागृह ठरवण्याआधी तीन कामे करावीत: शिष्यांची यादी, वह्यांची नोंद आणि तालमीचे ध्वनिमुद्रण. समितीकडे सहा महिने असतील तर त्यांतले चार यांवर खर्च झाले तरी मला वाईट वाटणार नाही.

यादीत केवळ मंचावर पोचलेले शिष्य नकोत. चार वर्षे शिकून बँकेत नोकरीला लागलेला, पण आज नातवाला स्वरांचे अलंकार (पलटे) म्हणायला लावणारा शिष्यही त्यात हवा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली आणि तेथे स्वतःचा वर्ग सुरू केलेली मुलगी हवी. नाव, गाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिकले, दिलेल्या परीक्षा आणि सध्या शिकवतात का, एवढे रकाने पुरतात. परदेशी असलेल्यांना संदेश पाठवला की तेच आणखी दहा नावे कळवतात, असा अनुभव आहे.

वह्यांच्या बाबतीत फार सांभाळून वागावे लागते. एका समितीने गुरुजींच्या वहीतल्या बंदिशी टंकलिखित करून घेतल्या. वही पलुस्कर पद्धतीने लिहिलेली होती. तीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब मंद्र (खालचे) सप्तक दाखवते आणि तार (वरच्या) सप्तकासाठी उभी रेघ असते. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचे टिंब तार सप्तकाचे आणि पायाशी असलेले टिंब मंद्राचे. वाचणारे भातखंडे पद्धतीत शिकलेले होते. परिणामी दरबारी रागाच्या बंदिशीतली सगळी मंद्रातली वळणे तार सप्तकात जाऊन बसली, आणि जो राग मंद्रातच आपले गांभीर्य उलगडतो तो कागदावर ओळखूच येईना. चूक लक्षात आली ती गुरुजींनी स्वतः पाने चाळली म्हणून. ते नसते तर ती तशीच छापली गेली असती. तेव्हा आधी वहीच्या प्रत्येक पानाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्यावे, स्वरलेखनाची पद्धत कोणती ते पहिल्या पानाशी लिहून ठेवावे आणि मगच अक्षरजुळणीला द्यावे. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा, तारखा, ‘ही चीज अमुक बुवांकडून’ अशा ओळी पुसू नयेत किंवा ‘सुधारू’ नयेत.

ध्वनिमुद्रणासाठी गुरूंना ‘आठवणी सांगा’ किंवा ‘गाऊन दाखवा’ असे म्हटले तर बहुतेक वेळा संकोचाने दहा मिनिटांत आटोपते. त्याऐवजी त्यांच्यासमोर एखाद्या नव्या विद्यार्थ्याला बसवावे आणि भूप राग शिकवायला सांगावे. विद्यार्थ्याचा गंधार (ग) जरा खाली राहिला की गुरू थांबवतात, स्वतः लावून दाखवतात, ‘घाई नको, आधी ऐक’ म्हणतात, पुन्हा लावायला सांगतात. आयुष्यभर त्यांनी जे केले ते नेमके हेच, आणि तेच टिपायला हवे. पंखा बंद करावा आणि भ्रमणध्वनी तंबोऱ्याजवळ न ठेवता गुरूंच्या जवळ ठेवावा. मुद्रणाच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या घरी असाव्यात.

७. मानपत्र कसे लिहावे?

मानपत्र मोठ्याने वाचायचे असते, म्हणून ते साडेतीनशे शब्दांच्या आत ठेवावे. सुरुवातीला शिक्षकाने स्वतः कोणाकडे तालीम घेतली ते यावे, मग अध्यापनाचा काळ आणि ठिकाणे, मग शिकवण्याची एखादी खास रीत. ‘त्यांनी असंख्य शिष्य घडवले’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘नवीन विद्यार्थ्याला त्या पहिले तीन महिने फक्त षड्ज (सा) लावायला देत’ या वाक्याने सभागृहात बसलेल्या प्रत्येक शिष्याची मान हलकेच डोलते.

मजकूर छापण्याआधी सत्कारमूर्तींच्या घरच्यांकडून एकदा तपासून घ्यावा. एका समारंभात मानपत्रात बाईंच्या गुरूंचेच नाव चुकले होते. बाईंनी मानपत्र हातात घेतले, नमस्कार केला आणि भाषणात सगळ्यात आधी गुरूंचे बरोबर नाव घेतले. त्यांनी ते इतक्या शांतपणे केले, की चूक झाल्याचे अर्ध्या श्रोत्यांना कळलेही नाही. ज्यांना कळले त्यांच्या मनातून ती गेली नाही. गुरूचे नाव चुकणे हे स्वतःचे नाव चुकण्याहून त्यांना अधिक लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

८. समारंभ किती वेळाचा असावा? शिष्यांनी गावे का?

दोन तास पुरतात. ऐंशीच्या पुढच्या व्यक्तीला मंचावरच्या खुर्चीत यापेक्षा जास्त वेळ बसवणे हा त्रास आहे. भाषणे तीनपेक्षा अधिक नसावीत आणि सत्कार पहिल्या अर्ध्या तासात उरकावा. तो शेवटी ठेवला तर तोवर सत्कारमूर्ती दमलेले असतात. शिष्यांनी जरूर गावे. मात्र वीस जणांना प्रत्येकी पाच मिनिटे देण्यापेक्षा निरनिराळ्या पिढ्यांतल्या तिघांनी किंवा चौघांनी गुरूंकडूनच मिळालेल्या बंदिशी गाव्यात. बाकीच्यांनी एकत्र एखादे सरगमगीत (फक्त स्वरांची रचना) किंवा लक्षणगीत (रागाची लक्षणे सांगणारे गीत) म्हणावे. प्रवेशिकेच्या, म्हणजे सुरुवातीच्या, वर्गातले ते शब्द आजोबा झालेल्या शिष्यांच्या तोंडून ऐकताना गुरूंच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते दुसऱ्या कशाने दिसत नाही.

९. गौरवनिधीची थैली द्यावी का, आणि किती?

शक्य असेल तर जरूर द्यावी. खासगी वर्ग चालवलेल्या शिक्षकाला निवृत्तिवेतन नसते, आणि त्यांच्या काळातले महिन्याचे शुल्क आठवले तर त्यातून काही शिल्लक पडली असेल अशी अपेक्षा करता येत नाही. रक्कम मंचावरून जाहीर करावी की नाही, हे त्यांनाच विचारावे. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण भेट ५०,००० रुपयांहून अधिक झाली तर ती सामान्यतः करपात्र ठरते, म्हणून मोठा निधी जमणार असेल तर आधी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

गरज खरोखर असेल तर एकवेळच्या थैलीपेक्षा नियमित आधार महत्त्वाचा. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दरमहा मानधनाची शासकीय योजना आहे. वय, उत्पन्न आणि योगदानाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव वयस्क शिक्षकांना एकट्याने झेपत नाही. दोन तरुण शिष्यांनी आठवडाभर हे काम अंगावर घेतले तर तीही सेवा आहे.

१०. शाळेतले संगीतशिक्षक, तबला किंवा संवादिनी शिकवणारे यांचाही याच नावाने गौरव व्हावा का?

व्हावाच. शाळेतल्या संगीतशिक्षकाने गायक घडवले नसतील, पण तीस वर्षांत हजारो मुलांना तालात टाळी द्यायला आणि सुरात प्रार्थना म्हणायला शिकवलेले असते. मैफलीत बसणारा श्रोता त्याच वर्गातून येतो. त्यांच्या शिष्यांची यादी करणे अशक्य असेल तर शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची मदत घ्यावी. तबल्याच्या शिक्षकांच्या बाबतीत निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव गायकाच्या खाली बारीक टाइपात छापण्याची सवय मात्र याच निमित्ताने सोडून द्यावी.

११. तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांनी कधी शिकवले नाही. त्यांचा संगीतशिक्षणासाठी गौरव करता येईल का?

हा प्रश्न अवघड आहे. काटेकोरपणे पाहिले तर उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि नियमित पुरस्कार असेल तर त्याचे क्षेत्र असे ताणू नये. परंतु मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचा विचार केला की उत्तर इतके सोपे राहत नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य न्यायला आलेल्या नवशिक्याला जवारी (तारेचा नाद खुलवणारी घोडीची घडण) कशी लावायची आणि सुताचा धागा घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, सरकवताना नाद कोठे खुलतो, हे या मंडळींनीच शिकवलेले असते. अशा वेळी ‘संगीतसेवा’ या नावाने वेगळा सन्मान ठेवावा, असे माझे मत आहे.

१२. गुरुजी सत्काराला ‘नको’ म्हणतात. काय करावे?

एकदा कारण विचारावे. कधी खर्चाचा संकोच असतो, कधी प्रवासाची भीती, कधी जुन्या शिष्यांपैकी कोणी दुखावेल अशी चिंता. यांवर उपाय असतो. मनापासून नकार असेल तर तो मानावा आणि गुपचूप समारंभ आखू नये. प्रश्न ६ मधली कामे मात्र करावीत. गुरुपौर्णिमेला घरी जाऊन यादी आणि वह्यांच्या प्रती हातात ठेवल्या, तर त्या कोणी नाकारल्याचे मी पाहिलेले नाही.

१३. शिष्यांचे दोन गट आहेत आणि ते एकत्र येत नाहीत. समिती कोणाची असावी?

समितीचे निमंत्रक शिष्य नसलेले, पण दोन्ही गटांना मान्य असलेले असावेत: संगीतमंडळाचे कार्यवाह, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, असे कोणीतरी. पत्रिकेवर शिष्यांची नावे शिकायला आल्याच्या वर्षाच्या क्रमाने छापावीत. सत्कारमूर्तींना मध्यस्थी करायला लावू नये. गुरूंनी स्वतः दोन घराण्यांची तालीम घेतलेली असेल आणि वाद त्यावरून असेल, तर मानपत्रात दोन्ही गुरूंची नावे काळानुसार यावीत आणि ‘खरे घराणे कोणते’ हा निवाडा समितीने करू नये.

१४. बाईंना आता फारसे आठवत नाही. त्यांना मंचावर आणावे का?

घरच्यांचा आणि डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा. बहुधा घरीच, सकाळच्या वेळी, सहा-सात शिष्यांनी जाऊन केलेला गौरव बरा पडतो. नावे आठवत नसली तरी शिकवलेली बंदिश समोर कोणी गायली की बोटे मांडीवर समेशी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतात, हे मी जवळून पाहिले आहे. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न कोणीही विचारू नये. आपणच नाव सांगून पाया पडावे.

१५. ज्यांचा गौरव ठरला आहे त्यांच्या वर्तनाबद्दल एका जुन्या विद्यार्थिनीने तक्रार केली आहे. समितीने काय करावे?

समारंभ थांबवावा. पत्रिका छापून झाल्या आहेत, सभागृहाचे पैसे भरले आहेत, ही कारणे येथे पुरेशी नाहीत. तक्रार करणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे एका विश्वासू महिला सदस्येने स्वतंत्रपणे ऐकावे, तिचे नाव बाहेर जाऊ देऊ नये आणि कायदेशीर मार्ग घ्यायचा असल्यास तिला साह्य करावे. घटनेच्या वेळी ती अल्पवयीन असेल तर बालकांचे लैंगिक शोषण रोखण्याच्या कायद्याचा संबंध येतो आणि अशी माहिती दडवून ठेवणे हा समितीच्या सदस्यांचाही गुन्हा ठरू शकतो. ‘कलेचे मोठेपण वेगळे ठेवू’ हा युक्तिवाद शिक्षकाच्या बाबतीत लागू पडत नाही, कारण ज्या कामाचा गौरव करायचा ते कामच विद्यार्थ्याच्या विश्वासावर उभे असते.

१६. तयारी सुरू असतानाच गुरुजींचे निधन झाले. आता जीवनगौरव म्हणावे का?

‘स्मृतिगौरव’ म्हणावे आणि मानपत्र कुटुंबीयांना द्यावे. पद्म सन्मान सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत. अगदी अपवादात्मक योग्यतेच्या बाबतीत, आणि निधन प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या वर्षभरात झालेले असेल तरच तसा विचार होऊ शकतो. जमलेल्या निधीतून नव्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा-शुल्काची सोय करता येईल, परंतु देणगीदारांनी तो थैलीसाठी दिलेला असतो, म्हणून आधी त्यांची आणि गुरुजींच्या पत्नीची किंवा मुलांची संमती घ्यावी.

सर्वांत आधी मात्र वह्यांकडे लक्ष द्यावे. तेराव्यानंतर घर आवरायला काढले जाते आणि जुने कागद रद्दीत जातात. घरच्यांशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हळुवारपणे बोलून वह्या, ध्वनिफिती आणि तंबोरा यांना कोणी हात लावू नये, एवढे सांगून ठेवावे. तंबोरा बराच काळ कोणी छेडणार नसेल तर त्याच्या तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात.